संजीवनी, गामिनी, अमर

कबड्डीचे आजचे नियम पक्के होण्याआधी हा खेळ निदान तीन तऱ्हांनी खेळला जाई: संजीवनी, गामिनी आणि अमर. दम सारखा, चढाई सारखी, पकडही सारखीच. मुख्य फरक एका प्रश्नाच्या उत्तरात होता. बाद झालेल्या गड्याचं पुढे काय करायचं?

गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसला की बसलाच. त्याचा अख्खा संघ बाद होऊन नवा डाव मांडला जाईपर्यंत त्याला आत पाऊल टाकता येत नसे. अमरमध्ये याच्या अगदी उलट. गडी बाद झाला तरी मैदानातून हलायचाच नाही. समोरच्यांच्या खात्यात एक गुण जमा व्हायचा आणि हा गडी पुन्हा खेळायला मोकळा. संजीवनीत गडी बाहेर जायचा, पण त्याच्या सोबत्यांनी समोरचा एक गडी मारला की बाहेरच्यात जीव यायचा. प्रो कबड्डीच्या मॅटवर आज आपण जो नियम पाहतो तो या संजीवनीचाच वारस आहे. बाद झालेल्यांनी ओळीने बसायचं आणि ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत यायचं.

हे तीन शब्द पुन्हा आठवण्याचं कारण मैदानाबाहेरचं आहे. एखादा खेळाडू गुन्ह्यात दोषी ठरला, शिक्षा भोगून परत आला, तर त्याच्या मंडळाने, क्लबने, संघाने त्याला पुन्हा खेळवावं का? हा प्रश्न आपल्याकडे मोठ्याने विचारला जात नाही. जिथे विचारला जातो तिथे दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, ‘असल्यांना मैदानात पाऊल ठेवू देऊ नका.’ दुसरं, ‘पोरगं चांगलं खेळतं ना, मग बाकी कशाला उकरता?’ पहिलं उत्तर गामिनीचं आणि दुसरं अमरचं. संजीवनीचा नियम ज्यांच्या घरचा, त्यांनाच तो खेळाबाहेर आठवू नये, याचा थोडा इतिहास तपासायला हवा.

अंबाडीच्या मैदानावरून

भिवंडीहून वाड्याकडे जाताना अंबाडी लागतं. इथूनच एक रस्ता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो. यात्रेकरूंना अंबाडी ठाऊक असतं ते एवढ्यापुरतंच. पण ज्यांनी ठाणे जिल्ह्याचा हा पट्टा हिवाळ्यात पाहिला आहे, त्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. भाताची कापणी उरकली की गावोगावच्या रिकाम्या मैदानांवर दिव्यांचे खांब उभे राहतात, कबड्डीचे सामने लागतात, आणि आगरी, कुणबी, आदिवासी पाड्यांतली पोरं मंडळाच्या नावाचे बनियन घालून उतरतात. इथे क्लब म्हणजे गावाचं मंडळ. त्याला कचेरी नसते, घटना असलीच तर कपाटात असते, आणि संघ निवडणारे चार लोक बहुधा एकमेकांचे चुलते-मामे असतात.

या पट्ट्यात गेल्या काही दशकांत जमिनीला सोन्याचा भाव आला. भिवंडीभोवती गोदामं उठली. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातल्या आमणे इथे येऊन संपला. जमिनीसोबत वाद आले आणि वादांसोबत गुन्हे. बांधावरची हाणामारी, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतलं डोकं फोडणं, हळदीच्या रात्री दारूच्या भरात उपसलेलं हत्यार. यात सापडणारी पोरं आणि कबड्डीच्या संघात असणारी पोरं ही दोन वेगळ्या गावची नसतात. अंगात रग असलेली, विशी-पंचविशीतली, गावासाठी पुढे होणारी, असं वर्णन केलं तर ते कुणाचं, चढाईपटूचं की आरोपीचं, हे सांगणं अवघड जावं.

आणि दावाही लहान नसतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अंबाडीसारख्या गावात कबड्डी म्हणजे चषक आणि टाळ्या एवढंच नाही. ती पोलीस भरतीची, सरकारी नोकरीची एक अरुंद वाट आहे. ती वाट मंडळापासून सुरू होते. मंडळाने संघातून काढलं की जिल्हा नाही, जिल्हा नाही म्हणून राज्य नाही, राज्य नाही म्हणून प्रमाणपत्र नाही. शिवाय शेवटी चारित्र्य पडताळणीचा दाखला असतोच. म्हणजे न्यायालयाने दोन वर्षं दिली असतील, तर गाव, मंडळ आणि नोकरी मिळून त्याची वीस वर्षं करू शकतात, आणि तेही कुठल्याच निकालपत्रात न लिहिता.

शिक्का मारण्याचा वारसा

‘एकदा गुन्हेगार तो कायमचा गुन्हेगार’ ही समजूत आपण परंपरेने आलेली मानतो. कायद्यात तिला घट्ट बसवलं ते इंग्रजांनी. १८७१ साली आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याच्याही पुढची पायरी गाठली. माणसाने गुन्हा केलेला असण्याचीही गरज राहिली नाही. अमुक जातीत जन्मला एवढं पुरे होतं. पुढे १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, बेरड, भामटा अशा जमातींची नावं यादीत चढली. माणसांना हजेरी लागली, परवानगीशिवाय गाव सोडता येईना, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला, आणि गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी धाड, हा शिरस्ता कागद बदलल्याने बदलला नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने १९८७ साली मराठी वाचकाला हे घराच्या आतून दाखवलं.

हा इतिहास इथे आणण्याचं कारण असं, की ‘अशा माणसांना चार हात लांब ठेवा’ हे वाक्य आपण नैतिक म्हणून उच्चारतो तेव्हा त्यात या हजेरीपटाचा सूर असतो. गुन्ह्याचा निवाडा बाजूला पडतो आणि माणसाच्या जातकुळीचा निवाडा सुरू होतो. वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा आपण कीर्तनात आवडीने ऐकतो. ती आवडते, कारण अंगावर वारूळ चढेपर्यंत वाल्या जंगलातच होता. त्याला आपल्या आळीत कुणी राहू द्यायचं, कुणी सोबत जेवायला घ्यायचं, हा प्रश्न कथेने आपल्यावर आणलाच नाही.

औंधचा प्रयोग

तो प्रश्न अंगावर घेणारा एक राजा मात्र आपल्याकडे होऊन गेला. औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला हा राजा. नमस्कार शाळाशाळांत पोचवण्याचं मोठं श्रेय त्यांचं. शरीराला शिस्त लागली की माणूस बदलतो यावर त्यांची श्रद्धा होती, आणि ती श्रद्धा त्यांनी तुरुंगाच्या दारात सोडून दिली नाही. मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच स्वामी भारतानंद, या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याच्या सूचनेवरून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहून माळरानावर शेती करू लागले. याच बीजावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली कथा घेऊन व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला.

चित्रपट सगळ्यांना आठवतो. पण स्वतंत्रपुराची जी बाजू मैदानाच्या प्रश्नाला उपयोगी पडते ती जरा रुक्ष आहे. तिथे ‘झालं गेलं विसरून जा’ असं कुणी म्हटलं नव्हतं. कैदी कैदीच होते. शिक्षा चालूच होती. बदललं होतं ते एवढंच, की शिक्षा भोगतानाच माणसाच्या हातात काम, अंगावर जबाबदारी आणि पळून जाण्याची संधी दिली होती. विश्वास हा भोळा नव्हता, तो तपासला जाणारा विश्वास होता. औंध हे लहानसं संस्थान. पैसा थोडा, जमीन खडकाळ. तरी ते जमलं, कारण जोखीम कुणाच्या नावावर आहे हे स्पष्ट होतं. कैदी पळाला असता तर राजाचीच अब्रू गेली असती.

मंडळाचे पदाधिकारी दुसऱ्या संधीची भाषा करतात तेव्हा नेमकी हीच गोष्ट गळते. संधी देणाऱ्याचं काय पणाला लागलं आहे?

अमर

भारतीय खेळात गाजलेल्या नावांना बहुधा अमरचा नियम लागू झाला आहे. नवज्योतसिंग सिद्धूचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं, पण खेळाच्या बाजूने फारसं न पाहिलेलं. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात गाडी बाजूला घेण्यावरून झालेल्या भांडणात ६५ वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू झाला. सिद्धू तेव्हा कसोटीपटू होता. खटला चालू राहिला आणि क्रिकेटही चालू राहिलं. सत्र न्यायालयाने त्याला सोडलं ते सप्टेंबर १९९९मध्ये, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो निवृत्त झाला. म्हणजे कारकिर्दीचा मोठा भाग एका मृत्यूच्या खटल्याच्या सावलीत गेला आणि त्या सावलीने एकही सामना अडवला नाही. पुढे डिसेंबर २००६मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर तो लोकसभेची पोटनिवडणूक लढला. २०१८मध्ये गुन्हा साध्या दुखापतीचा ठरून १,००० रुपये दंड झाला, आणि मे २०२२मध्ये फेरविचारात एक वर्षाची सक्तमजुरी. घटनेनंतर तब्बल ३३ वर्षांनी.

खटला चालू असताना माणूस निर्दोषच मानायचा, त्यामुळे त्याला खेळू दिलं यात कायद्याने चूक नाही. पण एकाच देशात एकाला त्या निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा पूर्ण लाभ मिळतो आणि पालावरच्या माणसाला जन्मतःच त्याच्या उलट गृहीतक मिळतं. अमरचा नियम सर्वांसाठी कधीच नसतो. ज्याच्या शतकांची मोजणी होते त्याच्यासाठीच तो असतो. आणि या सगळ्या वर्षांत मृताच्या घरच्यांना काय वाटलं, हे विचारायला कुठल्याच निवड समितीला सवड झाली नाही.

गामिनी

दुसऱ्या टोकाचं उदाहरण थेट मुंबईचं. अंकित चव्हाण हा मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. २०१२-१३च्या रणजी मोसमात त्याने पंजाबविरुद्ध एका डावात २३ धावांत ९ बळी घेतले. त्या मोसमात मुंबईने रणजी करंडक चाळिसाव्यांदा जिंकला. १५ मे २०१३ला तो राजस्थान रॉयल्सकडून वानखेडेवर, म्हणजे घरच्याच मैदानावर, मुंबई इंडियन्सविरुद्ध खेळला. त्या रात्रीनंतर दिल्ली पोलिसांनी श्रीशांत, अजित चंडिला आणि त्याला स्पॉट फिक्सिंगच्या आरोपाखाली अटक केली. पुढे मोक्का लावला गेला. संघटित गुन्हेगारी मोडण्यासाठी महाराष्ट्राने १९९९ साली केलेला हा कायदा दिल्लीतही लागू झालेला होता, आणि तो असा फिरून एका मुंबईकर गोलंदाजापर्यंत आला.

१३ सप्टेंबर २०१३ रोजी क्रिकेट मंडळाच्या शिस्तपालन समितीने श्रीशांत आणि चव्हाणवर आजन्म बंदी घातली. २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने या प्रकरणातल्या सर्व आरोपींना दोषमुक्त केलं. मंडळाने बंदी उठवली नाही. अनेकांना हे विसंगत वाटलं, पण तत्त्वतः ते विसंगत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयाच्या पलीकडे सिद्ध व्हावा लागतो, खात्यांतर्गत चौकशीला तेवढा पुरावा लागत नाही. शिवाय सामना विकणं हा आपल्या कायद्यात सरळ गुन्हाच नाही. त्यासाठी २०१३ साली तयार झालेला विधेयकाचा मसुदा कायदा होऊ शकला नाही, आणि जानेवारी २०२२मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात म्हटलं, की सामना निश्चित करणं म्हणजे भारतीय दंड संहितेतली फसवणूक नव्हे. ती शिस्तीची बाब आहे, मंडळाने बघावी. म्हणजे खेळाशी केलेल्या बेइमानीचा न्याय खेळालाच करावा लागतो.

तो कसा करावा, हे १५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या अपिलात सांगितलं. दोषी ठरवण्याचा मंडळाचा निष्कर्ष कायम ठेवला, शिक्षा मात्र रद्द करून तिचा पुन्हा विचार करायला लावला. आजन्म बंदी ही सर्वांत टोकाची शिक्षा. ती द्यायची तर गुन्ह्याचं स्वरूप, परिस्थिती, सौम्य करणाऱ्या बाबी यांचा तोल दिसला पाहिजे. मग मंडळाच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली आणि श्रीशांत मोकळा झाला सप्टेंबर २०२०मध्ये. जानेवारी २०२१ला तो केरळकडून पुन्हा खेळला, योगायोगाने वानखेडेवरच.

चव्हाणची गोष्ट मात्र इथे वळते. आरोप एकाच प्रकरणातले, बंदीचा दिवस एकच, पण मुदत आपोआप कमी झाली नाही. त्याला वेगळी दाद मागावी लागली. त्याचीही बंदी सात वर्षांची ठरली आणि ती सप्टेंबर २०२०मध्येच संपल्याचं मान्य झालं, पण हे कळवणारं मंडळाचं पत्र आलं जून २०२१मध्ये. अटकेच्या वेळी तो २७ वर्षांचा होता, पत्र आलं तेव्हा ३५ वर्षांचा. कागदावर शिक्षा संपल्यावरचे नऊ महिने कुणाच्याच हिशेबात नाहीत. फिरकी गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षं गेली, आणि जी गेली ती सात की आठ, हे एका पत्राच्या प्रवासावर ठरलं.

मला यातून बंदी चुकीची होती असं म्हणायचं नाही. सामना विकल्याचा ठपका ज्याच्यावर चौकशीअंती बसला त्याला मैदान बंद व्हायलाच हवं. इतर दहा जणांच्या घामाचा तो सौदा असतो. म्हणणं एवढंच, की शिक्षेला शेवटची तारीख हवी, ती आधी सांगितलेली हवी, आणि ती आली की दार कुणी न ठोठावता उघडलं पाहिजे. गामिनीतसुद्धा डाव कधी संपतो हे बाहेर बसलेल्याला दिसत असे.

लॉर्ड्स आणि शेफील्ड

दोषी ठरून, तुरुंगात राहून, पुन्हा खेळलेल्या खेळाडूंत मोहम्मद आमिरचं प्रकरण सर्वांत बोलकं आहे. ऑगस्ट २०१०मध्ये लॉर्ड्सवर त्याने पैशासाठी ठरवून नो-बॉल टाकले. वय १८. आयसीसीची पाच वर्षांची बंदी, लंडनच्या न्यायालयाची सहा महिन्यांची शिक्षा. त्याने गुन्हा कबूल केला, बंदी भोगली आणि जानेवारी २०१६मध्ये तो पाकिस्तानच्या संघात परतला. जून २०१७च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात रोहित, कोहली आणि धवन यांना त्यानेच बाद केलं, ही आपली ताजी जखम. पण त्याआधी डिसेंबर २०१५मध्ये मोहम्मद हफीझ आणि एकदिवसीय संघाचा कर्णधार अझर अली यांनी आमिर आहे म्हणून सरावशिबिराला जायला नकार दिला होता. मंडळाने समजूत घातल्यावर ते आले. दुसरी संधी फुकट नसते, तिची किंमत सोबत्यांनाही मोजावी लागते, हे त्या नकारातून दिसलं. म्हणून त्यांना विचारलंच पाहिजे.

इंग्लंडमधल्या चेड इव्हान्सच्या प्रकरणात हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. शेफील्ड युनायटेडचा हा फुटबॉलपटू २०१२मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि ऑक्टोबर २०१४मध्ये तुरुंगाबाहेर आला. क्लबने त्याला सरावाला बोलावलं तेव्हा दीड लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. ऑलिंपिक विजेत्या जेसिका एनिस-हिलने सांगितलं, की त्याला घेतलंत तर मैदानातल्या स्टँडला दिलेलं माझं नाव काढा. क्लब मागे हटला. पुढे दुसऱ्या क्लबनेही माघार घेतली. मग २०१६मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली आणि फेरसुनावणीत तो निर्दोष सुटला. या प्रकरणातून कुणी म्हणेल, क्लबने थांबायला नको होतं; कुणी म्हणेल, तेव्हा जो निकाल समोर होता त्यावरच चालायचं असतं. दोन्ही बाजूंना धरून एक गोष्ट उरते. क्लबपाशी आधी ठरवलेला नियमच नव्हता. नियम नसला की निर्णय सह्यांवर होतो, प्रायोजकांवर होतो, किंवा गोल किती मारतो यावर होतो.

ज्या देशात हा गोंधळ झाला तिथे १९७४पासून असा कायदा आहे, की ठरावीक मुदत दुसरा गुन्हा न करता गेली की बहुतेक जुन्या शिक्षा नोकरीसाठी मिटलेल्या मानायच्या. मुलांसोबतच्या कामासारखे अपवाद ठेवून. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. तुकडे आहेत. १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली ज्याला सोडलं, त्याच्यावर दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही. २०१५च्या बालन्याय कायद्यात, गंभीर अपवाद वगळता, अल्पवयीनाच्या गुन्ह्याचं सावट पुढे राहत नाही. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कोवळ्या वयातला क्षुल्लक गुन्हा नोकरी देणाऱ्याला नजरेआड करता येतो. लपवाछपवीचा विचार मात्र वेगळा. आणि आमदार-खासदारांसाठी तर स्पष्ट मुदतच आहे: दोन वर्षांची शिक्षा झाली तर सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक बंद, मग दार उघडं. कायदे करणाऱ्याला जी शेवटची तारीख मिळते, ती चढाई करणाऱ्याला मिळू नये याला काही कारण दिसत नाही.

येरवड्याचा पट

तुरुंगाच्या भिंतीआड खेळ पोचतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण जवळचंच आहे. इंडियन ऑइलने १५ ऑगस्ट २०२१ला कैद्यांसाठी खेळाच्या प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला, आणि येरवडा कारागृहात ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्या मार्गदर्शनाखाली बुद्धिबळाचे पट मांडले गेले. ऑक्टोबर २०२३मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या कैद्यांसाठीच्या आंतरखंडीय ऑनलाइन स्पर्धेत येरवड्याच्या संघाने पुरुष गटात सुवर्णपदक मिळवलं.

बातमी सगळ्यांना आवडली. आपण आत असलेल्या कैद्याच्या पदकाला टाळ्या वाजवतो, कारण तो आत असतो. त्यातलाच एखादा उद्या सुटून आपल्या गल्लीतल्या बुद्धिबळ मंडळात नाव नोंदवायला आला, तर फॉर्म देणारा हात किती सेकंद थांबेल? खरी परीक्षा तिथे आहे. ठाण्याच्या किल्ल्यातल्या कारागृहातून सुटलेला माणूस बसने अंबाडी नाक्यावर उतरतो तेव्हा ती सुरू होते.

मंडळाने काय करावं

शेफील्ड आणि अंबाडी यांत एक मोठा फरक आहे. मोठ्या शहरात पीडित व्यक्ती प्रेक्षकांत दिसत नाही. अंबाडीसारख्या गावात ज्याचं डोकं फुटलं त्याचं घर तीन आळ्या पलीकडे असतं, आणि त्याची आई सामना बघायला येते. नाव पुकारलं गेलं, शिट्ट्या पडल्या, की त्या प्रत्येक शिट्टीचा तिला काय अर्थ लागतो, हे मंडळाला टाळता येत नाही. त्यामुळे इथे ‘शिक्षा भोगली, विषय संपला’ हे पुरेसं नाही. शिक्षा सरकारशी झालेला हिशेब असते. गावाशी झालेला हिशेब वेगळा असतो. मृताच्या किंवा जखमीच्या घरच्यांना नकाराधिकार द्यावा असं मी म्हणणार नाही, कारण मग न्याय पुन्हा वैराच्या हाती जाईल. पण त्यांना आधी सांगणं, त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगणं, हे मंडळाचं काम आहे. पेपरातून किंवा लाउडस्पीकरवरून त्यांना ते कळू नये.

दुसरं, खेळणं आणि खेळवणं यांत फरक करावा. सात जणांत सातवा म्हणून उतरणं ही एक गोष्ट. लहान मुलामुलींचा प्रशिक्षक होणं, संघ घेऊन बाहेरगावी मुक्कामाला जाणं, मंडळाचा खजिना सांभाळणं ही दुसरी. पहिल्यासाठी दार उघडं असावं. दुसऱ्यासाठी गुन्ह्याचं स्वरूप बघावं, आणि मुलांवरच्या किंवा स्त्रियांवरच्या अत्याचारात दोषी ठरलेल्याला मुलांची जबाबदारी कधीच देऊ नये. तो सूड नव्हे, ती राखण आहे. दुसऱ्या संधीचा हक्क त्याला आहे, पण दुसऱ्यांच्या लेकरांवर नाही.

तिसरं, नियम नाव डोळ्यांसमोर नसताना करावा. मोसम सुरू होण्याआधी, कुणीही आत किंवा बाहेर नसताना, चार ओळी वहीत लिहून ठेवाव्यात: किती काळ थांबायचं, कोण विचारणार, कुणाला सांगणार, कोणतं काम कधीच नाही. नाहीतर उत्तम चढाईपटू परत आला की अमर आणि राखीव गडी परत आला की गामिनी, हे ठरलेलं आहे. ज्याच्या नसण्याने सामना हरत नाही, अशा पोराला मंडळ कसं वागवतं, यावरच त्या मंडळाचा विचार कळतो.

आणि चौथं, औंधकडून घ्यायचं. संधी देणाऱ्याने स्वतःचं काहीतरी लावावं. मंडळातल्या कुणा जाणत्याने त्या पोराच्या नावापुढे आपलं नाव लिहावं, वर्षभर त्याच्यावर नजर ठेवावी, आणि तो पुन्हा घसरला तर गावापुढे उभं राहून सांगावं, की मी याला आत घेतलं होतं. असा एकही जण पुढे येत नसेल, तर संघाने त्याला आत्ता घेऊ नये. तेवढं उत्तरही खोट्या दयेपेक्षा प्रामाणिक आहे.

संजीवनीचा नियम नीट पाहिला तर त्यात दया कुठेच नाही. बाद गडी बाद असतो. पंच तो निर्णय फिरवत नाही, समोरच्यांना मिळालेला गुणही परत घेत नाही. बाहेर बसलेला गडी आपल्या बळावर उठूही शकत नाही. आत उरलेल्यांपैकी कुणीतरी दम घेऊन रेषा ओलांडून समोरच्यांच्या अंगणात जावं लागतं, तिथे स्वतः पकडलं जाण्याचा धोका घ्यावा लागतो, आणि गडी मारून परत यावं लागतं, नाहीतर समोरून चढाईला आलेल्याला पकडावं लागतं. तेव्हा कुठे बाहेरचा एक जण आत येतो.